कट आउट, बेंड डाउन आणि कांद्याची मान

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात कामाचे अनुभव लिहिणारी माणसं बहुतेक निवृत्त असतात. कुणी कारखान्यात छत्तीस वर्षं काढलेली असतात, कुणी संशोधनसंस्थेत. माझी नोकरी अजून दोन वर्षांचीही नाही आणि पदवीचं शेवटचं वर्ष व्हायचं आहे. म्हणून संपादक काकूंना मी नको म्हटलं होतं. त्या म्हणाल्या, "अगं, आमची नातवंडं रोज इलेक्ट्रॉनिक सिटीत जातात आणि दमून परत येतात. मधल्या वेळात ती काय करतात, हे आम्हाला कुणी सांगत नाही. तू सांग." तेवढ्या भरवशावर लिहिते आहे. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही यशवंतपूरचे. माझे आप्पा सोलापूरकडून कांद्याच्या ट्रकबरोबर आले आणि इथल्या घाऊक बाजारात राहिले. आप्पा आणि आई दोघंही एका अडत्याकडे कांदा निवडायला बसतात. मोठा, मध्यम, बारकी गोल्टी, एका सालीत दोन असलेला जोड असे ढीग करायचे आणि सडका बाजूला काढायचा. घरात मराठी, गल्लीत कन्नड आणि शाळाही दहावीपर्यंत कन्नड. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. कॉलेज संध्याकाळचं आहे, आणि सकाळच्या पाळीची ही नोकरी मिळाली म्हणून ते चालू राहिलं.

काम असं आहे. एक कंपनी कानाची यंत्रं बनवते, ऐकू कमी येणाऱ्यांसाठी. आमचे ग्राहक ऑस्ट्रेलियातले. त्यांची सकाळ आपल्या आधी होते, म्हणून आमची पाळी पहाटे साडेपाचला सुरू होते. आता ऐकू न येणाऱ्या माणसाला फोनवर मदत कशी करणार? म्हणून ते लिहितात आणि आम्ही लिहून उत्तर देतो. याला चॅट म्हणतात. एका वेळी तीन माणसांच्या तीन खिडक्या उघड्या असतात आणि प्रत्येक खिडकीच्या कोपऱ्यात घड्याळ चालू असतं. माणूस किती मिनिटांत मार्गी लावला, याला हँडल टाइम म्हणतात. बोलणं संपलं की एका यादीतून तक्रारीचा प्रकार निवडायचा, दोन शब्दांची नोंद करायची आणि पुढचा घ्यायचा. नेहमीच्या उत्तरांचे मजकूर तयारच असतात. एक बटण दाबलं की 'आपली गैरसोय आम्ही पूर्णपणे समजतो' हे वाक्य इंग्रजीत आपोआप उमटतं.

माझी अडचण वेगळी होती. ग्राहकांची गैरसोय मला खरोखरच समजत नव्हती.

कॉलेजात आम्ही जे इंग्रजी शिकलो, त्यात टॉलरेट होतं, इन्व्हेस्टिगेट होतं, डिस्कंटिन्यू होतं. पहिल्या महिन्यात हे शब्द एकाही ग्राहकानं वापरले नाहीत. टॉलरेट बहुधा अर्जात करायचं असतं. सकाळपासून सात वेळा यंत्र बंद पडलं की माणूस 'पुट अप विथ' करतो. पुट म्हणजे ठेवणे, अप म्हणजे वर, विथ म्हणजे बरोबर. तिन्ही शब्द मला पाचवीपासून येत होते. तिन्ही मिळून 'सोसणे' कसं होतं, ते कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्याच आठवड्यात एका आजोबांनी लिहिलं की हे यंत्र मी आता आणखी पुट अप विथ करू शकत नाही. मी त्यांना नम्रपणे कळवलं, "कृपया ते वर ठेवू नका. सपाट, कोरड्या जागी ठेवा." आजोबांनी उत्तर दिलं, "ठीक आहे, मुली." आणखी एकांनी लिहिलं की मी फ्लू घेऊन 'कम डाउन' झालो आहे, म्हणजे फ्लूनं आजारी पडलो आहे. मला वाटलं, ते जिन्यावरून खाली आले असतील. मी लिहिलं, सावकाश वर जा, मी थांबते. हे दोन्ही नमुने आमच्या टीम लीडर प्रतिमा मॅमनी सोमवारच्या बैठकीत पडद्यावर दाखवले. नाव झाकलं होतं, पण हसू ऐकून मी मान खाली घातली तेव्हा सगळ्यांना कळलंच.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर केतकी बसते. ती पुण्याची, इंग्रजी शाळेतली. बैठकीनंतर म्हणाली, "अगं सारिका, तू प्रत्येक शब्दाचा अर्थ काय लावत बसतेस? फ्लोमध्ये वाच ना. मी कधी विचारच नाही केला, पुट काय आणि अप काय."

"तुला विचार करावा लागत नाही. मला लागतो."

"मग कर विचार. पण घड्याळाकडे बघून कर."

"सरी," मी कन्नडमध्ये म्हटलं, म्हणजे 'बरं'.

"आणि हे सरी सरी बंद कर. मला वाटतं, तू सॉरी म्हणतेयस."

रविवारी आईला निवडायला मदत करताना मी हे जोडशब्द घोकत होते. रन आउट ऑफ म्हणजे संपणे. गेट ऑन विथ म्हणजे पटणे. लुक इन्टू म्हणजे चौकशी करणे.

"काय पुटपुटतेस मघापासून?" आईनं विचारलं. मी तिला सांगितलं की इंग्रजीत एकच क्रियापद असतं, मागचा बारका शब्द बदलला की सगळा अर्थ बदलतो आणि त्याला काही नियमच नाही.

आई हात न थांबवता म्हणाली, "मग त्यात काय नवल. तुझ्या मामाच्या अंगात येतं. तुझ्या आप्पाच्या अंगावर काम येतं. आणि तू कुणाला न विचारता शब्द दिलास की अंगाशी येतं. येणं एकच, अंग एकच. मला कुणी शिकवलंय व्हय?"

आईला सही करता येते, वाचता येत नाही. मी म्हटलं, "मग तुला कळतं कसं?"

"कोण बोललं आन् कशापायी बोललं, ते ध्यानात राहतं. नुसता शब्द कुठं येतो गं एकटा?"

आप्पा पलीकडच्या ढिगावर होते. ते म्हणाले, "कांद्यागत आहे मग हे. पोटाकडनं सगळे कांदे सारखे. मान दाबून बघायची. मान मऊ लागली की आत काय चाललंय ते कळतं." आप्पा कधी शिकवत नाहीत. ते फक्त कांद्याबद्दल बोलतात.

त्या दिवशी मी एक दोनशे पानी वही घेतली. आईचं ऐकून ठरवलं की सुटा शब्द लिहायचा नाही. ग्राहकाचं अख्खं वाक्य लिहायचं. आणि आप्पांचं ऐकून पानं क्रियापदावर लावली नाहीत, शेवटच्या बारक्या शब्दावर लावली. अपचं पान, आउटचं पान, डाउनचं, ओव्हरचं, ऑफचं. एखाद्या वाक्यात दोन असे शब्द आले तर ते दोन्ही पानांवर लिहायचं.

इथे आमच्या कामातला एक नियम सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आमच्या मजल्यावर कागद आणि पेन नेता येत नाही. ग्राहकाची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून. फोन, वही, पिशवी सगळं बाहेर लॉकरमध्ये. आकडा वगैरे टिपायला प्रत्येकाला एक छोटी पांढरी पाटी आणि मार्कर मिळतो आणि पाळी संपली की पाटी पुसून दाखवायची. आईला हे ऐकून फार गंमत वाटली होती. "कॉलेजात गेली आन् पुन्हा पाटीवर आली," असं ती शेजारच्या अक्कांना सांगायची.

मग मी असं करायचे. चांगलं वाक्य आलं की पाटीवर लिहायचं. सुट्टी झाली की ते तोंडात धरून लॉकरपर्यंत चालत जायचं, वाटेत कुणाशी बोलायचं नाही, आणि वहीत उतरवायचं. ग्राहकाचं नाव, गाव, नंबर काहीही लिहायचं नाही. केवळ वाक्य. तरीही मनात कुठेतरी ठाऊक होतं की हे नियमात बसत नाही. कागद मजल्यावर जात नव्हता, पण मजला कागदावर येत होता.

वहीचा उपयोग झाला. तीन महिन्यांत मला वाक्यं कळायला लागली. आणि गंमत म्हणजे माणसंही कळायला लागली. एक गृहस्थ दर मंगळवारी यायचे. यंत्राला काहीच झालेलं नसायचं. लिहायचे, मी फक्त तुमच्यावर 'चेक इन' करतो आहे, म्हणजे सहज विचारपूस. आउटच्या पानावर यंत्रं बंद पडत होती, अपच्या पानावर माणसं वैतागत होती आणि इनच्या पानावर हे एकटे गृहस्थ होते. मी त्यांच्याशी चार वाक्यं जास्त बोलायचे. ठरलेला वेळ उलटून घड्याळ तांबडं व्हायचं.

घड्याळच शेवटी आडवं आलं. माझी सहा महिन्यांची उमेदवारीची मुदत संपत आली तेव्हा प्रतिमा मॅमनी मला बोलावलं. त्या माझ्याशी कन्नडमधून बोलतात. म्हणाल्या, "सारिका, तुझं इंग्रजी सुधारलं. ग्राहक तुला चांगले शेरे देतात. पण तुझा हँडल टाइम टीममध्ये सगळ्यात जास्त आहे. महिनाअखेरीपर्यंत तो खाली आला नाही तर मी तुला कायम करू शकणार नाही. माझ्या हातात नाही ते."

तीन आठवडे राहिले होते. नोकरी गेली तर सकाळची पाळी जाणार आणि कॉलेज अवघड होणार. कांदा निवडणं हे हलकं काम आहे असं मी कधी मानलं नाही. पण आईनं मला त्या ढिगावरून हाताला धरून उठवलं होतं. पुन्हा तिच्या शेजारी जाऊन बसायचं, हे मला तिच्यासाठी नको होतं.

मी वेग वाढवला. पाटीवर लिहिणं कमी केलं, तयार मजकुराचं बटण दाबायला लागले. मंगळवारच्या गृहस्थांना सुद्धा मी एकदा बटणावरून निरोप दिला. पहिल्याच आठवड्यात माझी मिनिटं खाली आली. केतकीनं टाळी दिली.

आणि मग मार्गरेटबाई आल्या. नाव अर्थातच बदललं आहे. त्या निवृत्त शिक्षिका, बागेत रमणाऱ्या. त्यांचं नव्या प्रकारचं यंत्र होतं आणि त्या पाचव्यांदा लिहीत होत्या. आधीच्या चारही वेळच्या नोंदी माझ्यासमोर होत्या. चार वेगवेगळ्या जणांनी एकच प्रकार निवडला होता, 'आवाज येत नाही'. आणि चौघांनी एकच मजकूर पाठवला होता, जाळी साफ करा. त्या चौघांत मी सुद्धा होते. वेग वाढवायच्या त्या आठवड्यात.

बाईंनी लिहिलं होतं, "इट कट्स आउट ऑन मी एव्हरी टाइम आय बेंड डाउन टू द रोझेस, अँड आय अॅम डन पुटिंग अप विथ इट." मी गुलाबांपाशी खाली वाकले की दर वेळी हे बंद पडतं, आणि आता मी आणखी सोसणार नाही.

नियमाप्रमाणे पाचव्या खेपेला आम्ही शेरा मारायचा की यंत्रात दोष आढळत नाही, हाताळणीमुळे बिघाड, प्रकरण बंद. बटण तिथेच होतं. माझं घड्याळ हिरवं होतं.

पण ते वाक्य वाचताना मला डाउनचं पान दिसलं. अगदी डोळ्यांसमोर, उजवीकडचं पान, खालच्या कोपऱ्यात चहाचा डाग. त्या पानावर अशी वाक्यं होती. मी आधी कुठेतरी वाकलेली माणसं लिहून ठेवली होती.

मी बाईंना लिहिलं, "मला शुक्रवारपर्यंत वेळ द्या. मी तुमच्याशी गेट बॅक टू करीन." हे वाक्य आमच्याकडे दिवसात शंभर वेळा लिहिलं जातं. बहुतेक वेळा त्याचा अर्थ 'आता निघा' असा असतो. मी ते वहीतून शिकले होते, म्हणून मला त्याचा एकच अर्थ येत होता, परत येऊन कळवणे. आई म्हणते तसा मी कुणाला न विचारता शब्द दिला होता.

सुट्टीत लॉकर उघडून मी वही काढली. डाउनच्या पानावर: बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो की जातं. चूल पेटवायला गुडघ्यावर बसले की जातं. कुत्र्याचं भांडं उचलायला हात खाली घातला की जातं. मग ओव्हरचं पान उघडलं. मोरीवर ओणवी झाले की जातं. नातीच्या पाळण्यावर वाकले की जातं, आणि सरळ झाले की येतं. दोन्ही पानांवर मिळून अकरा वाक्यं होती. अकराही जणांचा आवाज वाकल्यावर जात होता. आणि अकराही जणांची आमच्या यादीतली तक्रार एकच होती, आवाज येत नाही. यादीत डाउनला जागा नव्हती. ओव्हरलाही नव्हती. नोंद करताना आम्ही सगळ्यांनी मान छाटून कांदा ठेवला होता.

केतकीला मी जेवणाच्या टेबलावर वही दाखवली. ती आधी वाचत गेली. मग झटकन वही मिटून माझ्या ओढणीखाली सरकवली.

"तू वेडी आहेस का? ही ग्राहकांची वाक्यं आहेत. परवा एकाच्या खिशात चिठ्ठी सापडली म्हणून त्याला घरी पाठवला."

"पण हे खरं आहे ना? तुला दिसतंय ना?"

"दिसतंय. म्हणूनच सांगते. वही काढू नकोस. मॅमना जाऊन नुसतं सांग की तुला असं वाटतंय."

मी तसंच केलं. भ्याले होते, हे कबूल करते. मॅम म्हणाल्या, "वाटतं म्हणून मी वरच्या मजल्यावर इंजिनियरांकडे जाऊ शकत नाही. ते म्हणतील, परत आलेलं प्रत्येक यंत्र आम्ही तपासतो, दोष सापडत नाही. माझ्यापाशी दाखवायला काय आहे?"

"काही नाही," मी म्हटलं आणि परत आले.

त्या संध्याकाळी कॉलेजला गेले नाही, सरळ घरी आले. आईनं काही विचारलं नाही. जेवताना मीच सांगितलं. आप्पांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते तपासतात म्हणजे कसं तपासतात?"

"मशीनमध्ये ठेवून."

"आडवं ठेवून?"

मला माहीत नव्हतं.

"वरचा थर बघून पोतं घेऊ नये," आप्पा म्हणाले. "पोतं उलटं करावं. मग बोलावं."

आई म्हणाली, "आन् वही दाखवली तर काढतील तुला?"

"काढतील बहुतेक."

तिनं आप्पांच्या ताटात भाकरी वाढली. मग म्हणाली, "त्या बाईला शब्द दिलायस ना. मग जा. इथं ढीग काय पळून जात नाही."

गुरुवारी सुट्टीत मी वही घेऊन कॅन्टीनमध्ये प्रतिमा मॅमच्या समोर बसले आणि ती टेबलावर ठेवली. त्यांनी पहिलं पान उघडलं. मग दुसरं. चहा तसाच राहिला.

"हे कधीपासून?"

"पहिल्या महिन्यापासून."

"नावं?"

"एकही नाही. बघा हवं तर."

"बघतेच आहे. नियम माहीत आहे तुला?"

"हो मॅम."

त्यांनी डाउनचं पान वाचलं, ओव्हरचं वाचलं, आणि पुन्हा डाउनचं. मग वही हातात घेऊन उठल्या. "इथेच बस. कुणाशी बोलू नकोस."

मी बसले. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं, पण ते साधं होतं, तांबडं-हिरवं न होणारं. वीस मिनिटांनी फोन आला की वर ये.

वरच्या मजल्यावर बसवराज सर होते. पन्नाशीचे, शांत, चष्मा कपाळावर. त्यांच्या टेबलावर परत आलेल्या यंत्रांचा ट्रे होता. प्रत्येकाला चिठ्ठी लावलेली, दोष आढळला नाही. मी हिंमत करून विचारलं, "सर, तपासताना यंत्र कसं ठेवता?"

"या साच्यात. आडवं."

"उलटं करून?"

त्यांनी ट्रेमधलं एक यंत्र पुसून कानात घातलं, आवाज मोठा केला आणि दुसरा कान बोटानं बंद केला. "माताड्ता इरु," ते म्हणाले. बोलत राहा.

मी वहीतली वाक्यं म्हणायला लागले. सर बुटाची नाडी बांधायला वाकतात तसे वाकले. उभे राहिले. मान हलवली, काही नाही. दुसरं यंत्र घातलं. वाकले, उठले, काही नाही. प्रतिमा मॅमनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं.

तिसरं यंत्र. सर वाकले. मी म्हणत होते, मोरीवर ओणवी झाले की जातं, पाळण्यावर वाकले की जातं. सर वाकलेलेच राहिले. मग तसेच, जमिनीकडे तोंड करून म्हणाले, "अरे, तू बोलायची का थांबलीस?"

मी थांबले नव्हते.

मॅमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. सर हळूहळू सरळ झाले आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की माझा आवाज परत आला होता.

पुढचा तासभर त्या मजल्यावर जे चाललं, ते मी जन्मभर विसरणार नाही. एकेक इंजिनियर कानात यंत्र घालून खाली वाकत होता आणि वर येत होता. कुणी टेबलाखाली डोकं घालत होतं, कुणी कचऱ्याच्या डब्यावर ओणवं होत होतं. निरोप खाली पोचला तशी केतकीही वर आली. तिनं एक यंत्र घातलं, वाकली आणि वाकलेली असतानाच ओरडून म्हणाली, "सारिका, काहीतरी बोल ना." मी कन्नडमध्ये म्हटलं, "सरी." तिला ऐकू आलं नाही. सगळे हसले. सहा महिन्यांपूर्वी पडद्यावर माझं वाक्य बघून हसले होते, तेच सगळे. हे हसणं वेगळं होतं.

दोष बारीक होता. आतली एक इवलीशी पट्टी एका खेपेच्या मालात सैल बसली होती. यंत्र आडवं असलं की टेकायची, उलटं झालं की सुटायची. ट्रेमधल्या सगळ्या यंत्रांत तो नव्हता, पण पुष्कळांत होता. ती खेप बाजारातून परत मागवायचं ठरलं. ज्यांची प्रकरणं बंद केली होती त्या सगळ्यांना कळवायचं ठरलं आणि ती पत्रं लिहायचं काम मला दिलं.

शुक्रवारी सकाळी मी मार्गरेटबाईंशी गेट बॅक टू केलं. दिलेल्या शब्दाप्रमाणे. त्यांनी लिहिलं, "माझा समज होता की हे वाक्य लिहिणारं कुणी परत येत नसतं."

महिनाअखेरीला प्रतिमा मॅमनी मला एक पाकीट दिलं. त्यात दोन पत्रं होती. पहिलं ताकीद देणारं होतं, ग्राहकांचा मजकूर मजल्याबाहेर नेल्याबद्दल. दुसरं, नोकरीत कायम केल्याचं. "दोन्ही मीच लिहिली आहेत," त्या म्हणाल्या. "दोन्ही खरी आहेत." घरी आप्पांनी दोन्ही पत्रं देवापाशी ठेवली. ताकिदीचं वेगळं काढू का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "राहू दे. जोड कांदा आहे तो."

वही मात्र गेली. नियमच तसा होता आणि तो चुकीचा आहे असं मला आजही वाटत नाही. मॅमनी माझ्यासमोर ती कागद कापायच्या यंत्रात घातली. पुठ्ठा आधी फाडून काढला. आवाज फार नाही झाला. मला वाईट वाटलं ते डाउनच्या पानाचं नाही, इनच्या पानाचं. त्यावर मंगळवारचे गृहस्थ होते. मी बटणावरून निरोप दिल्यानंतर ते पुन्हा आले नाहीत. हिरव्या घड्याळासाठी मी काय दिलं, त्याचा हिशेब कुठल्याच यादीत नाही.

पण आमच्या पडद्यावर आता तक्रारीच्या प्रकाराखाली एक नवा रकाना आहे. ग्राहकाचे शब्द, जसेच्या तसे. तो भरल्याशिवाय नोंद पुढे जातच नाही आणि तो भरताना घड्याळ थांबतं. नव्या मुलांना तो कसा भरायचा हे शिकवायचं काम माझ्याकडे आहे. त्यांतली निम्मी माझ्यासारखीच आहेत, घरातली पहिली. ती विचारतात, अख्खं वाक्य कशाला, सारांश लिहिला तर चालणार नाही का. मी त्यांना कांद्याची मान सांगते. केतकी मागून म्हणते, "ऐका रे तिचं. मी विचार न करता चार वर्षं इंग्रजी टाइप करत होते."

नवं यंत्र पोचल्यावर काही दिवसांनी मार्गरेटबाई पुन्हा आल्या. तक्रार नव्हती. त्यांनी लिहिलं की आज मी गुलाबांपाशी बेंड डाउन केलं, आणि वर तारेवरचा पक्षी 'केप्ट ऑन सिंगिंग'. गातच राहिला.

मी ते वाक्य पाटीवर लिहून ठेवलं. आता वही नव्हती, ते कुठे न्यायचंही नव्हतं. पाळी संपली तेव्हा पाट्या बघायला प्रतिमा मॅम ओळीतून आल्या. माझ्यापाशी थांबल्या, वाक्य वाचलं, आणि म्हणाल्या, "ही उद्या पूस."